वक्तृत्वाचा गुरु आयसॉक्रेटीस

सॉक्रेटीसाचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. विषाचा पेला शांतपणें पिऊन टाकणारा तो तत्त्वज्ञ शाळेच्या पुस्तकांतूनहि भेटतो. डिमॉस्थेनीसहि वक्तृत्वाच्या चढाओढींत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो. तोंडांत खडे धरून बोलण्याचा सराव करणाऱ्या त्या वक्त्याची गोष्ट त्यांना शिक्षकांकडून हटकून ऐकावी लागते. ह्या दोघांच्या मधल्या काळांत आणखी एक पुरुष होऊन गेला. त्याचें नांव आयसॉक्रेटीस. पहिल्याच्या नांवाशीं त्याच्या नांवाचें इतकें साम्य आहे कीं, घाईनें वाचणारा वाचक एकाची कीर्ति दुसऱ्याच्या पदरीं बांधून मोकळा होतो. ह्या गृहस्थानें सुमारें ५० वर्षें अथेन्स शहरांत तरुणांना बोलावयास शिकविलें आणि स्वतः मात्र नागरिकांच्या सभेंत उभें राहून भाषण करण्याचें धैर्य त्याला कधीं झालें नाहीं.

ज्याला बोलण्याची कला शिकविली त्यानें पुढें तिचा दुरुपयोग केला, तर दोष कोणाचा, शिष्याचा कीं गुरूचा? हा प्रश्न त्या काळीं ग्रीस देशांत मोठ्या कडाक्यानें वादविला गेला. आयसॉक्रेटीसाच्या दाराशीं तर तो जन्मभर धरणें धरून बसला होता. म्हणून त्याचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आयसॉक्रेटीसाचा जन्म इ. स. पूर्वीं ४३६ ह्या वर्षीं अथेन्सच्या एका सुखवस्तु कुटुंबांत झाला. त्याचा बाप थिओडोरस ह्याचा पांव्यासारखीं वाद्यें तयार करण्याचा कारखाना होता व तेथें गुलाम राबत असत. ह्या कारखान्याच्या उत्पन्नावर मुलाला उत्तमांतलें उत्तम शिक्षण मिळालें. पुढें तो प्रसिद्ध झाल्यावर थट्टेखोर नाटककारांनीं ह्या पांव्यांवरून त्याची टर उडविली. गुलामांवरून मात्र कोणी उडविली नाहीं, कारण गुलाम असणें ही गोष्ट त्या काळीं कोणालाच खटकत नसे. प्रॉडिकस, गॉर्जिअस वगैरे नामांकित पंडितांपाशीं तो शिकला असें परंपरा सांगते. तो पांच वर्षांचा होता तेव्हां अथेन्स व स्पार्टा ह्यांचें महायुद्ध सुरू झालें आणि तें २७ वर्षें रखडत चाललें. इ. स. पूर्वीं ४०४ मध्यें अथेन्स हरलें. त्या धामधुमींत बापाची सारी मिळकत धुळीस मिळाली. वयाच्या तिशींत पोंचलेल्या ह्या तरुणावर आतां पोटाला कांहीं उद्योग पाहण्याची पाळी आली.

तेथील न्यायाची रीत कशी होती हें येथें थोडें सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढील वाद ध्यानांत यावयाचा नाहीं. अथेन्समध्यें हल्लींसारखे वकील नव्हते. फिर्यादी असो कीं आरोपी असो, ज्यानें त्यानें आपली बाजू आपल्या तोंडानें मांडावयाची. निवाडा करणारे पंच म्हणजे दरवर्षीं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ६००० नागरिकांपैकीं असत. एकेका खटल्याला २०१, ५०१, कधीं त्याहूनहि अधिक बसत. पाण्याच्या यंत्रानें वेळ मोजला जाई; पाणी संपलें कीं बोलणें संपलें. मग पंचांनीं आपसांत विचारविनिमय न करतां मतें टाकावयाचीं आणि त्यांवर माणसाची इस्टेट, अब्रू, प्रसंगीं प्राणहि अवलंबून असावयाचा. अशा गांवीं बोलतां येणें ही केवळ हौसेची गोष्ट नव्हती.

म्हणूनच सोफिस्ट नांवाचे फिरते शिक्षक तेथें येऊं लागले व त्यांना मोठाल्या फिया मिळूं लागल्या. प्रोटॅगोरस म्हणे कीं, दुबळी बाजू सबळ करून दाखविण्याची विद्या आपणापाशीं आहे. सिसिलींतील गॉर्जिअस इ. स. पूर्वीं ४२७ मध्यें वकिलातीवर अथेन्सला आला, तेव्हां त्याच्या नादमधुर वाक्यांनीं सगळें शहर भुलून गेलें. तरुणांना ही विद्या हवीशी वाटे. त्यांच्या बापांना मात्र तिची धास्ती वाटे. इ. स. पूर्वीं ४२३ मध्यें अॅरिस्टोफेनीस ह्यानें ‘मेघ’ नांवाचें प्रहसन रंगभूमीवर आणलें. त्यांत कर्जानें गांजलेला एक बाप, सावकारांना बोलण्यांत चकविण्याची युक्ति शिकून यावी म्हणून मुलाला पंडिताच्या शाळेंत धाडतो. मुलगा ती विद्या शिकतो, घरीं येऊन बापालाच बडवतो, आणि बडविणें कसें न्याय्य आहे हें सिद्ध करून दाखवितो! अखेरीस चिडलेला बाप त्या शाळेला आग लावतो. प्रेक्षक पोट धरून हंसले असतील. पण नाटकांतल्या त्या पंडिताचें नांव सॉक्रेटीस असें होतें, आणि २४ वर्षांनंतर, इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें, तरुणांना बिघडविल्याच्या आरोपावरून खऱ्या सॉक्रेटीसाला देहान्त शिक्षा झाली. त्या वेळीं आयसॉक्रेटीस ३७ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीं तो काळा पोशाख करून गांवांत हिंडला असें सांगतात.

ह्याच सुमाराची त्याच्या आयुष्यांतील एक गोष्ट त्याला स्वतःला सांगावयास आवडत नसे. दहा-बारा वर्षें तो पैसे घेऊन दुसऱ्यांसाठीं कोर्टांतलीं भाषणें लिहून देत होता. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें लिहून घ्यावयाचें, पाठ करावयाचें आणि पंचांपुढें आपलेंच म्हणून म्हणावयाचें, असा हा धंदा होता. पुढें शाळेची कीर्ति वाढल्यावर आपण असें कांहीं केलेंच नाहीं असा आव त्यानें आणला, आणि त्याचा दत्तक पुत्र आफारियस ह्यानेंहि बापाची ही बाजू उचलून धरली. परंतु त्यांपैकीं सहा भाषणें आजहि उपलब्ध आहेत. शिवाय अशा भाषणांचे गठ्ठेच्या गठ्ठे पुस्तकविक्यांच्या दुकानांत मिळतात असा टोमणा अॅरिस्टॉटलानें मारला होता. गुरूच्या चरित्रांतील ही लपवाछपवी आम्हांला बरी वाटत नाहीं. गरिबींत केलेल्या कष्टांची लाज वाटण्याचें कारण नव्हतें. पण इतरांना सचोटी शिकवावयास बसलेल्या माणसानें ते नाकारावे, हें मनाला लागतें.

इ. स. पूर्वीं ३९० च्या सुमारास त्यानें अथेन्समध्यें शाळा काढली. आवाज बारीक आणि स्वभाव भिडस्त, त्यामुळें सभेचें दार त्याला बंद होतें. शिकविण्याचें दार मोकळें होतें. आरंभींच त्यानें ‘सोफिस्टांच्या विरुद्ध’ हा लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंवर शस्त्र उपसलें. ह्या लेखाचा थोडाच भाग उरला आहे, पण त्यांतील एक टोला अगदीं वर्मीं बसणारा आहे. कांहीं शिक्षक तीन-चार मिनांच्या फीवर सद्गुण आणि सुख हीं दोन्हीं देण्याची हमी देत. पण फी बुडूं नये म्हणून ती ते तिऱ्हाइताजवळ अगोदर अनामत ठेवावयास लावीत. आयसॉक्रेटीस म्हणतो कीं, ज्यांना आपण न्यायबुद्धि शिकविणार त्याच शिष्यांवर ह्यांचा विश्वास नाहीं. मग हे शिकवितात तरी काय?

दुसरा टोला त्यानें ठराविक नियम घोकून घेणाऱ्यांवर मारला. मुळाक्षरें कायमचीं ठरलेलीं असतात. ‘अ’ आज जो आहे तोच उद्यां राहील. भाषणाचें तसें नाहीं. काल ज्या बोलण्यानें काम झालें तेंच आज केल्यास फजिती व्हावयाची. प्रसंग ओळखणें हीच खरी विद्या, आणि तिला तीन गोष्टी लागतात: उपजत बुद्धि, भरपूर सराव आणि चांगलें शिक्षण. ह्या तिहींत शिक्षणाचा वांटा सर्वांत लहान, असें हा शिक्षक स्वतःच कबूल करतो. शाळेची जाहिरात करतांना असें लिहिणारे चालक आम्हीं तरी फारसे पाहिले नाहींत!

त्याची फी १००० द्राख्मा होती. कसबी कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मजुरी मिळे, असें धरलें म्हणजे ही रक्कम किती भारी होती तें समजेल. विद्यार्थी तीन-चार वर्षें राहत. तरुण डिमॉस्थेनीस फक्त २०० द्राख्मा घेऊन आला आणि तेवढ्यापुरता पांचवा हिस्सा शिकवा म्हणूं लागला, तेव्हां चांगला मासा अखंडच विकला जातो, आम्हीहि आमची विद्या तुकडे करून विकीत नाहीं, असें सांगून आयसॉक्रेटीसानें त्याला परत लाविलें, अशी एक आख्यायिका आहे. गोष्ट खरी असो वा खोटी, श्रीमंतांच्या मुलांखेरीज कोणाला ह्या शाळेची पायरी चढणें कठीण होतें ह्यांत शंका नाहीं. मात्र आंत गेल्यावर मुलांना फुकट वेळ घालवावा लागत नसे. गुरु आपला लेख मुलांपुढें वाची, त्यांच्याकडून दोष काढवून घेई आणि पुन्हा लिही. मुलांचे स्वभावहि तो पारखी. पुढें इतिहासकार म्हणून गाजलेले एफोरस व थिओपॉम्पस हे त्याचे शिष्य; त्यांतील एकाला टांच मारावी लागते व दुसऱ्याचा लगाम ओढावा लागतो, असें तो म्हणे.

शाळा निघाल्यावर थोड्याच वर्षांनीं प्लेटोनें आपली अकॅडमी स्थापिली आणि अथेन्समध्यें दोन गुरुकुलें समोरासमोर उभीं राहिलीं. प्लेटो हा सॉक्रेटीसाचा शिष्य. गुरूचा मृत्यु त्याच्या काळजांत रुतून बसला होता. ‘गॉर्जिअस’ नांवाच्या संवादांत त्यानें वक्तृत्वविद्येची उलटतपासणी घेतली आहे. त्यांत गॉर्जिअस म्हणतो कीं, मुष्टियुद्ध शिकलेल्या मुलानें आपल्या बापाला मारलें तर आपण तालीममास्तराला हद्दपार करीत नाहीं. तसेंच वक्तृत्वगुरूलाहि दोष देऊं नये. ह्यावर सॉक्रेटीस विचारतो कीं, तुझ्या शिष्याला न्याय-अन्याय कळत नसला तर तो तूं शिकवितोस काय? भिडेस पडून गॉर्जिअस होय म्हणतो, आणि तेथेंच अडकतो. ज्याला न्याय खरोखर समजला तो अन्याय करणारच नाहीं. मग विद्येचा दुरुपयोग होतो असें तूं आधीं कबूल केलेंस तें कसें? पुढें प्लेटो वक्तृत्वाला पाककलेच्या पंगतीस बसवितो. वैद्य कडू औषध देतो, आचारी गोड पक्वान्न वाढतो; मुलांच्या पंचायतीपुढें दोघांना उभें केलें तर आचाऱ्याचाच जय व्हावयाचा.

आयसॉक्रेटीसानें ह्या आक्षेपाला आपल्या परीनें उत्तर दिलें. पुढें काय घडेल हें निश्चितपणें सांगणारें ज्ञान मनुष्याच्या आवांक्यांतलें नाहीं. जो बहुतेक वेळां बरोबर अटकळ बांधतो तोच शहाणा, आणि असें शहाणपण वाढविणाऱ्या अभ्यासालाच तो तत्त्वज्ञान म्हणे. भूमिति व ज्योतिष हीं त्याच्या मतें तरुणांच्या बुद्धीला तालीम म्हणून चांगलीं. जन्मभर त्यांतच गुंतून पडूं नये. आमच्या मतें तर्काच्या दृष्टीनें प्लेटोची बाजू बळकट आहे, पण वर्गावर उभें राहिलेल्या माणसाचा अनुभव आयसॉक्रेटीसाच्या बाजूचा आहे. न्याय समजला म्हणजे अन्याय होणारच नाहीं, हें खरें मानावें तर खुद्द सॉक्रेटीसाभोंवतीं बसणाऱ्यांत अल्सिबायडीस आणि क्रिटिअस हेहि होते. पहिला ऐन युद्धांत शत्रूला जाऊन मिळाला आणि दुसरा तीस जुलमी सत्ताधीशांचा पुढारी बनला.

त्याच्या राजकीय लेखनाविषयीं थोडक्यांत सांगतों. इ. स. पूर्वीं ३८० मधील ‘पॅनेजिरिकस’ हें त्याचें सर्वांत गाजलेलें भाषण. तें लिहावयास त्याला दहा वर्षें लागलीं अशी समजूत आहे. ग्रीक हें नांव रक्तावरून न ठरतां शिक्षणावरून ठरावें, असा उदार विचार त्यांत आहे. आणि सर्व ग्रीकांनीं एकजुटीनें इराणवर स्वारी करावी, हा अनुदार विचारहि त्यांतच आहे. आपसांतलें भांडण मिटविण्यासाठीं शेजाऱ्याच्या घरावर चालून जाण्याचा हा उपदेश त्यानें पुढें ४० वर्षें निरनिराळ्या राजांना केला.

त्याचा सर्वांत लाडका शिष्य टिमोथिअस. हा सेनापति कोनॉन ह्याचा मुलगा व स्वतःहि मोठा सेनापति. गुरूच्या गणतीप्रमाणें त्यानें २४ शहरें जिंकलीं, आणि तींहि लुटालूट व छळ न करतां. पण ह्या वीराला लोकांशीं गोड बोलतां येत नसे. गुरूनें त्याला परोपरीनें सांगितलें कीं, जनता कामापेक्षां वागणुकीकडे पाहते, तुझी निंदा करणारे तुझ्याहून गोड बोलतात, तेव्हां थोडा नमून वाग. शिष्याला तें पटे, पण स्वभाव बदलेना. इ. स. पूर्वीं ३५६ मध्यें वादळांत आरमार घालण्याचें त्यानें नाकारलें, सहकाऱ्यानें त्याच्यावर फिर्याद केली आणि पंचांनीं त्याला १०० टॅलंट, म्हणजे ६ लक्ष द्राख्मा, दंड ठोठावला. तो शहर सोडून गेला व परमुलखांतच मरण पावला. अथेन्समधील सर्वश्रेष्ठ वक्तृत्वगुरूचा पट्टशिष्य पंचांचें मन वळवूं शकला नाहीं, हें वाचतांना आम्हांला क्षणभर थांबावेंसें वाटलें.

ह्याच सुमारास खुद्द गुरूवर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली. युद्धनौका सज्ज करण्याचा खर्च तेथें धनिकांवर टाकीत. ज्याच्यावर तो पडे त्याला दुसऱ्या कोणास आव्हान देतां येई, कीं तूं माझ्याहून श्रीमंत आहेस, तर हा खर्च तूं उचल, नाहीं तर माझ्याशीं मिळकतीची अदलाबदल कर. आयसॉक्रेटीसाला असें आव्हान आलें, तो खटला हरला आणि नौकेचा खर्च त्याच्या माथीं बसला. पैशांपेक्षां त्याला दुसऱ्याच गोष्टीचें दुःख झालें. जन्मभर ज्यांच्यामध्यें राहिलों ते शहरवासी आपल्याला मुलांना लबाडी शिकवून गबर झालेला माणूस समजतात, हें त्याला त्या दिवशीं कळलें.

तेव्हां वयाच्या ८२ व्या वर्षीं त्यानें ‘अँटिडोसिस’ हें लांबलचक भाषण लिहिलें. त्यांत त्यानें एक काल्पनिक खटला रचला आहे: आरोपी आपण, आरोप तरुणांना बिघडविल्याचा, आणि बचावहि आपलाच. सॉक्रेटीसाचा खटला त्याच्या डोळ्यांपुढें होता हें उघड आहे. पंचांपुढें तो आपले जुने लेख वाचून दाखवितो, शिष्यांचीं नांवें घेतो आणि विचारतो कीं, ह्यांतील कोणाला मीं बिघडविलें, कोणाच्या बापानें माझ्याविरुद्ध तक्रार केली? टिमोथिअसाची सारी हकीकत, त्याच्या दोषासकट, ह्याच भाषणांत येते. शिष्य बदनाम होऊन मेला असतां त्याच्याशीं असलेलें नातें गुरूनें लपविलें नाहीं. कोर्टांतल्या भाषणांच्या बाबतींत ज्याला धीर झाला नाहीं त्यानें येथें तो दाखविला, हें त्याच्या जमेस धरलें पाहिजे.

मूळ प्रश्नाचें उत्तरहि ह्याच भाषणांत आहे. दुष्ट स्वभावाच्या माणसाच्या ठिकाणीं सद्गुण उत्पन्न करील अशी विद्या आजवर कोणाला सांपडली नाहीं व पुढेंहि सांपडणार नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. पण ज्याला उत्तम बोलण्याची हौस आहे तो क्षुद्र भांडणांचे विषय टाकून लोककल्याणाचे मोठे विषय घेईल. त्यांसाठीं थोरांच्या कृत्यांचे दाखले शोधील. आणि त्या संगतीचा परिणाम त्याच्या बोलण्यावरच काय, वागण्यावरहि होईल. शिवाय ज्याची अब्रू स्वच्छ त्याचा शब्द लोकांना अधिक पटतो, म्हणून ज्याला पटवून द्यावयाचें आहे तो आपलें शील जपेल. ह्या शेवटच्या मुद्द्यांत एक भोंक आहे. अब्रू जपणारा मनुष्य शील जपेलच असें नाहीं. नुसती अब्रू जपूनहि पुष्कळांचें चालतें. अॅरिस्टॉटलानें, जो प्लेटोच्या अकॅडमींत राहून पुढें स्वतः वक्तृत्व शिकवूं लागला, ह्याच ठिकाणीं वेगळी वाट धरली: वक्त्यावरील विश्वास त्याच्या पूर्वलौकिकांतून न येतां भाषणांतूनच उत्पन्न झाला पाहिजे, असें तो म्हणतो. दुरुपयोगाच्या आक्षेपाचा निकाल तर तो एका वाक्यांत लावतो. सद्गुण वगळला तर बळ, आरोग्य, संपत्ति, सेनापतित्व ह्या सर्वांचाच दुरुपयोग होतो; मग वक्तृत्वालाच तेवढें कां धरावें?

‘अँटिडोसिस’चा मोठा भाग कित्येक शतकें नाहींसा झाला होता. मुस्टॉक्सिडीस नांवाच्या ग्रीक विद्वानानें इ. स. १८१२ मध्यें तो प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा बचाव पुरता वाचावयास मिळूं लागला.

आतां अखेरचा प्रसंग. ९४ व्या वर्षीं आयसॉक्रेटीसानें अथेन्सच्या गौरवाचें एक भाषण लिहावयास घेतलें. मध्यें तीन वर्षें दुखण्यानें गेलीं. ९७ व्या वर्षीं तें पुरें झालें. त्यांत त्यानें स्पार्टाची कडक निंदा केली होती. नेहमींच्या रिवाजाप्रमाणें मुलांना तें वाचून दाखविल्यावर त्यानें एका जुन्या शिष्याला मुद्दाम बोलावून घेतलें, कारण तो स्पार्टाचा चाहता होता. शिष्यानें स्पार्टाची बाजू घेतली. म्हाताऱ्यानें त्याला असें झोडपलें कीं तो निमूटपणें निघून गेला आणि जमलेल्या मुलांनीं गुरूची वाहवा केली. परंतु तीन-चार दिवसांनीं लेख पुन्हा पाहतां गुरूचेंच मन खाऊं लागलें; आपण फार कडवटपणें लिहिलें, हें खोडून टाकावें कीं जाळावें, असें त्याला झालें. त्यानें सर्व शिष्यांना पुन्हा जमविलें व त्या हरलेल्या शिष्यालाहि बोलाविलें. तो म्हणाला कीं, ह्या भाषणाला दोन अर्थ आहेत. वरवर वाचणाऱ्याला निंदा दिसेल, बारकाईनें वाचणाऱ्याला स्तुति सांपडेल, आणि गुरुजींनीं तें बुद्ध्याच तसें केलें आहे. इतरांनीं त्याची पाठ थोपटली. गुरूनेंहि त्याच्या बुद्धीची तारीफ केली. पण त्यानें केलेला अर्थ बरोबर कीं चूक, ह्याविषयीं तो अवाक्षर बोलला नाहीं. हा सर्व वृत्तान्त त्यानें त्या भाषणांतच नमूद करून ठेविला आहे.

पुढच्याच वर्षीं, इ. स. पूर्वीं ३३८ मध्यें, मॅसिडोनच्या फिलिप राजानें केरोनिआच्या रणांगणावर अथेन्सचा पराभव केला. ह्याच फिलिपाला ग्रीकांचें पुढारीपण घे म्हणून आयसॉक्रेटीसानें आठ वर्षांपूर्वीं लिहिलें होतें. ती बातमी ऐकून त्यानें अन्न वर्ज्य केलें आणि थोड्याच दिवसांत प्राण सोडला, असें जुने चरित्रकार लिहितात. तर लढाईनंतर त्यानें फिलिपाला लिहिलेलें म्हणून एक पत्र उपलब्ध आहे, त्यांत आपली जन्माची इच्छा आतां पुरी होत आहे असा भाव आहे. मरणसमयीं तो ९८ वर्षांचा होता. त्याच्या समाधीवर एक उंच स्तंभ उभारून वर सायरनची, म्हणजे गोड गाऊन खलाशांना भुलविणाऱ्या पौराणिक पक्षिणीची, मूर्ति बसविली होती. टिमोथिअसानें आपल्या भाग्याच्या दिवसांत एल्यूसिस येथें गुरूचा कांशाचा पुतळा उभा केला होता.